ऑनलाइन लिलावातला पुष्कराज आणि तन्मणी: बोली लावण्याआधी

ताई, तुमच्या प्रश्नात दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत, म्हणून आधी त्या सुट्या करतो. एक, मुलासाठी ज्योतिषांनी सांगितलेला सव्वापाच रत्तीचा पुष्कराज. लिलाव १ रुपयापासून सुरू झाला, तुम्ही लिहिलंत तेव्हा बोली १४,५०० वर होती आणि रविवारी रात्री दहाला बंद होणार आहे. दोन, मुलीच्या लग्नासाठी एक तन्मणी: ‘१५० वर्षं जुना, बसरा मोती, पोलकी हिरे, वजन ६२ ग्रॅम’, एका खासगी व्यक्तीकडून, बोली १ लाख १० हजार (पोलकी म्हणजे पैलू न पाडलेले हिरे). तुम्ही विचारलंय की घ्यावं का, आणि घेतलं तर धोका किती.

मी ठाण्यात नौपाड्यात गेली २६ वर्षं रत्नपारख करतो. त्याआधी जांभळी नाक्याजवळच्या एका पेढीवर जडाईच्या कामाला होतो. लिलावातून घेतलेले खडे घेऊन माझ्याकडे येणारी माणसं बहुतेक वेळा पैसे देऊन झाल्यावर येतात. तुम्ही आधी विचारलंत याचं मला खरंच बरं वाटलं. तर थेट सांगतो: पुष्कराजावर आत्ता आहे त्या माहितीवर बोली लावू नका. तन्मणी हातात घेऊन, वजन करून, टंच काढून (सोन्याची शुद्धता तपासून) बघता येणार असेल तरच पुढे जा. का, ते सविस्तर लिहितो, कारण हाच प्रश्न तुम्हाला पुढच्या वेळी दुसऱ्या खड्याबद्दल पडेल.

सुरुवात रत्तीपासून, कारण पहिली फसगत तिथेच होते. सोनाराची जुनी रत्ती म्हणजे तोळ्याचा ९६ वा भाग, ०.१२१५ ग्रॅम. रत्नं विकणारे ज्याला रत्ती म्हणतात ती साधारण ०.१८२ ग्रॅमची, म्हणजे ०.९१ कॅरट. आता सव्वापाचाला गुणून बघा. पहिल्या रत्तीने खडा ३.१९ कॅरटचा होतो, दुसरीने ४.७८ कॅरटचा. नाव तेच, आणि खडा दीडपट लहान-मोठा. विकणाऱ्याने रत्तीत वजन लिहून मोकळं व्हायचं आणि पार्सल आल्यावर ‘आमची रत्ती अशीच’ म्हणायचं, हे मी अनेकदा पाहिलंय. कॅरट मात्र सगळीकडे एकच, ०.२ ग्रॅम. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: कॅरटमध्ये वजन किती, दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत.

दुसरी गोम नावात आहे. मराठी शब्दकोशांत पुष्कराज म्हणजे टोपाझ असा अर्थही सापडतो. बाजारात आणि ज्योतिषाकडे पुष्कराज किंवा पुखराज म्हणजे पिवळा नीलम, यलो सफायर, खनिजाच्या भाषेत कोरंडम. ‘सुनेला’ या नावाने जो मिळतो तो सिट्रीन, म्हणजे क्वार्ट्झ, आणि त्याची किंमत खऱ्या पुष्कराजाच्या जवळपासही जात नाही. लिलावाच्या पानावर नुसतं ‘पुष्कराज’ लिहिलं असेल तर विकणाऱ्याने खोटं लिहिलं असं सिद्ध करणं कठीण जातं. तो ‘मी टोपाझच म्हणत होतो’ असं म्हणू शकतो. ‘नॅचरल यलो सफायर, कोरंडम’ असे शब्द त्याच्याकडून लेखी घ्या. सिट्रीन ओळखणं आमच्यासाठी सोपं आहे. रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खड्यात प्रकाश किती वाकतो ते मोजणाऱ्या यंत्रावर, कोरंडम १.७६२ ते १.७७० दाखवतो, सिट्रीन १.५४४ ते १.५५३. पाण्याच्या तुलनेत कोरंडम ४ पट जड, सिट्रीन २.६५ पट. दोन मिनिटांचं काम आहे, पण त्यासाठी खडा माझ्यासमोर हवा. फोटोत यातलं काहीच दिसत नाही.

तुम्ही पाठवलेला कार्डाचा फोटो मी मोठा करून पाहिला. बँकेच्या कार्डासारखं प्लास्टिक, कोपऱ्यात खड्याचा छोटा फोटो, खाली ‘नॅचरल यलो सफायर’. ट्रीटमेंटचा रकाना त्यावर नाहीच. माझ्या दृष्टीने त्या कार्डावरची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. खडा जमिनीतून आलेला असू शकतो आणि तरीही त्याचा रंग भट्टीत दिलेला असू शकतो. नुसता तापवलेला असेल तर ती जुनी, बाजाराने मान्य केलेली पद्धत आहे. बाजारातले बहुतेक नीलम तापवलेलेच असतात, आणि न तापवलेल्याला त्याच्या कितीतरी पट भाव मिळतो. पण २००१-०२ च्या सुमारास थायलंडमधल्या चंथाबुरीकडून वेगळेच खडे बाजारात आले. फिकट कोरंडमला बेरिलियमसोबत खूप जास्त तापमानात भाजायचं, म्हणजे तो मूलद्रव्याचा कण खड्याच्या आत शिरतो आणि पांढुरका खडा सुंदर पिवळा किंवा केशरी होतो. बेरिलियम इतकं हलकं मूलद्रव्य आहे की नेहमीच्या एक्स-रे यंत्राला ते सापडत नाही. लेझरने खड्याचा सूक्ष्म कण उडवून तपासणारी यंत्रं लागतात, आणि ती काही मोठ्या प्रयोगशाळांकडेच आहेत. ठाण्यातल्या दुकानात बसून मलाही प्रत्येक वेळी ते छातीठोकपणे सांगता येत नाही. मग काहीशे रुपयांत मिळणारं कार्ड ते कसं सांगणार?

शिवाय पूर्ण कृत्रिम पिवळा नीलम असतोच. फ्रान्सच्या ऑगस्ट व्हर्न्यूलने ज्योतीत माणिक वाढवण्याची पद्धत १९०२ मध्ये जाहीर केली, तेव्हापासून कृत्रिम कोरंडम (माणिकही कोरंडमच) भरपूर बनतंय. अशा माणकात भिंगाखाली वळणदार रेषा आणि हवेचे बुडबुडे दिसतात, नवशिक्यालाही दाखवता येतात. पिवळ्यात मात्र त्या रेषा दिसणं सगळ्यात अवघड. खडा द्रवात बुडवून, मागून निळा प्रकाश टाकून, फिरवून फिरवून बघावं लागतं. खरा न तापवलेला खडा असला तर बारीक सुयांचं जाळं एकमेकांना ६० अंशांत छेदताना दिसतं, त्याला आम्ही रेशीम म्हणतो. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हाचा आनंद मला अजून आठवतो. ग्रहांचं मला कळत नाही आणि त्यावर मी बोलत नाही. पण तुमच्या ज्योतिषांनी ‘नैसर्गिक, प्रक्रिया न केलेला’ असं सांगितलं असेल तर तुम्ही नेमके त्याच शब्दांचे पैसे मोजणार आहात, आणि तेच शब्द या लिलावात कुठेही लिहिलेले नाहीत.

मी ग्राहकांना एकच पद्धत शिकवतो. लिलावाच्या वर्णनात जे लिहिलेलं नाही, ते नाहीच असं धरायचं, आणि त्या वर्णनात बसणाऱ्या सगळ्यात स्वस्त वस्तूची किंमत आपली कमाल बोली ठेवायची. ‘हीटेड’ की ‘नो हीट’ लिहिलं नाही? तापवलेला धरा. बेरिलियमचा उल्लेख नाही, मोठ्या लॅबचा रिपोर्ट नाही? बेरिलियमवाला धरा. कोरंडम लिहिलं नाही? ‘सुनेला’ धरा. असं धरल्यावर तुमची कमाल बोली १४,५०० च्या खालीच राहते, हे तुम्हालाच दिसेल.

माणिक घेणाऱ्यांसाठी इथेच थोडं थांबतो, कारण लिलावात सगळ्यात जास्त नुकसान मी माणकातच पाहिलंय. घणसोलीच्या एका ताईंनी लिलावातून सहा कॅरटचं माणिक घेतलं होतं. रंग छान, किंमत नऊ हजार. अंगठी सैल होते म्हणून त्यांनी घराजवळच्या कारागिराकडे दिली. त्याने नेहमीप्रमाणे बत्तीने सांधा केला आणि अंगठी तेजाबात टाकली. बाहेर काढली तेव्हा खड्यावर पांढऱ्या रेषांचं जाळं उमटलं होतं, जसं थंड काचेवर उकळतं पाणी पडावं तसं. त्या बिचाऱ्या कारागिराला शिव्या घालत माझ्याकडे आल्या. भिंगाखाली तिरका धरला तर उरलेल्या भेगांतून निळी आणि नारिंगी झाक चमकत होती. काच भरलेलं माणिक. शिसं असलेली काच वितळवून भेगाळ, जवळजवळ टाकाऊ कोरंडममध्ये भरतात, भेगा दिसेनाशा होतात आणि खडा पारदर्शक होतो. असं माणिक घाऊक बाजारात कॅरटला काही शेकड्यांत मिळतं. बत्ती तर सोडाच, लिंबाच्या रसानेही ती काच खराब होते. चांगली लॅब अशा खड्याला साधं माणिक म्हणत नाही, काच भरल्याचं स्पष्ट लिहिते. लिलावात त्याला ‘नॅचरल रूबी’ म्हटलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यातला कोरंडम नैसर्गिक होताही. कारागिराची काही चूक नव्हती हे मी त्यांना सांगितलं. त्या परत जाऊन त्याच्याशी बोलल्या, हे मला पुढे त्यानेच सांगितलं.

पाचूचंही थोडं तसंच. बहुतेक पाचूंच्या भेगांत तेल असतं, ते चालतं, पण किती आहे ते रिपोर्टमध्ये असायला हवं. तेलाऐवजी राळ भरली असेल तर भाव पडतो. आणि पाचू कधीही अल्ट्रासॉनिक यंत्रात धुवायला देऊ नका.

आता रिपोर्ट चांगला असला म्हणजे झालं का? नाही, आणि हे मी स्वतःच्या पैशांनी शिकलो. २०१२ मध्ये मी परदेशातल्या एका ऑनलाइन लिलावातून निळा नीलम घेतला. रिपोर्ट नामांकित लॅबचा, नंबर टाकून वेबसाइटवर पाहिला, तंतोतंत जुळला. खडा आला, रंग थोडा काळपट वाटला, पण पहिल्यांदा मी मनाची समजूत घातली. रात्री वजन केलं. रिपोर्टवर २.०३ कॅरट, माझ्या काट्यावर १.९०. मापं घेतली. लांबी आणि रुंदी फक्त शंभरांश मिलिमीटरने वेगळी, पण खोली ४.८० ऐवजी ४.५२. रिपोर्ट खरा होता, खडा दुसराच होता. कुणीतरी वरून तसाच दिसणारा खडा शोधून त्या रिपोर्टला जोडला होता. पाकीट उघडताना मी व्हिडिओ काढला नव्हता. विकणाऱ्याने उलट मलाच विचारलं की खडा तुम्ही बदलला नाही कशावरून? माझ्याकडे उत्तर नव्हतं. पैसे गेले. धंद्यातल्या माणसाचं हे झालं, म्हणून मी कुणाला ‘तुम्हाला कळायला हवं होतं’ असं कधी म्हणत नाही.

तेव्हापासून नियम ठरलेला आहे. पार्सल उघडायच्या आधी मोबाइल स्टँडवर, पत्त्याचं लेबल आणि सील स्पष्ट दिसेल असं, आणि एकाच सलग व्हिडिओत खडा बाहेर काढून काट्यावर ठेवायचा. ग्रॅमच्या दोन दशांश स्थळांपर्यंत (०.०१ ग्रॅम) दाखवणारा खिशातला काटा पाच-सहाशे रुपयांत मिळतो, पण तो खड्यासाठी ढोबळ आहे. जवळच्या सोनाराकडे जाऊन त्याच्या कॅरटच्या काट्यावर व्हिडिओ काढलात तर जास्त चांगलं. खडा सुटाच घ्या, अंगठीत बसवलेला नको. बसवलेल्याचं नेमकं वजन होत नाही, खोली मोजता येत नाही, आणि मागची बाजू झाकलेली असेल तर तिथे काय चिकटवलंय ते कळत नाही.

हिऱ्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी लग्नाचं घर आहे म्हणून दोन गोष्टी. ज्याला आपण अमेरिकन डायमंड म्हणतो तो क्युबिक झिरकोनिया हिऱ्यापेक्षा बराच जड असतो. साडेसहा मिलिमीटर व्यासाचा गोल हिरा साधारण १ कॅरट भरतो, तेवढाच अमेरिकन डायमंड दीड कॅरटच्या वर जातो. त्यामुळे सुटा खडा असेल तर नुसत्या मापावरून आणि वजनावरून तो पकडता येतो. मॉयसनाइटचं तसं नाही. वजन हिऱ्याच्या जवळचं, आणि उष्णतेवर चालणारा साधा डायमंड टेस्टर त्यालाही हिराच म्हणतो. भिंगातून तिरकं बघितलं तर मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात, ती त्याची खूण. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा तर कार्बनच आहे, तो टेस्टरवर हिरा म्हणूनच येणार. त्याला वाईट म्हणायचं कारण नाही, फक्त नैसर्गिक म्हणून विकला तर ती फसवणूक आहे. हिऱ्याच्या कंबरेवर (कडेच्या पट्ट्यावर) लेझरने कोरलेला नंबर रिपोर्टशी जुळला तरी निश्चिंत होऊ नका. नैसर्गिक हिऱ्याच्या रिपोर्टचा नंबर प्रयोगशाळेतल्या हिऱ्यावर कोरलेला आढळल्याचं २०२१ मध्ये जीआयए या अमेरिकन रत्नपरीक्षण संस्थेनेच जाहीर केलं होतं.

फोटोबद्दल थोडक्यात. पिवळा खडा पिवळ्या दिव्याखाली आणखी सुंदर दिसतो, माणिक पिवळसर बल्बखाली पेटतं, आणि मोबाइलचा कॅमेरा रंग स्वतःहून वाढवतो. विकणाऱ्याकडून दुपारी खिडकीजवळ, पांढऱ्या कागदावर, दिवे बंद करून काढलेला व्हिडिओ मागा. खडा छापील मजकुरावर पालथा न करता ठेवायला सांगा. मधल्या भागातून खालची अक्षरं वाचता आली तर घाट चुकलाय, प्रकाश परत न येता आरपार जातोय. बाजूने पण दाखवायला सांगा, कारण वजन वाढवण्यासाठी खाली मोठं पोट ठेवलेले खडे खूप असतात. अंगठीत ते पोट बोटाला टोचतं आणि वरून खडा लहानच दिसतो.

आता तन्मणी. यावर माझा जीव आहे, कारण जडाईच्या कामात मी जुने तन्मणी दुरुस्त केलेत. मधलं खोड (जडवलेलं पदक), दोन्ही बाजूंना मोत्यांचे सर, मागे लाख भरलेली. तुमच्या पानावर वजन ६२ ग्रॅम लिहिलंय. ते ग्रॉस आहे, म्हणजे सोनं, लाख, खडे, मोती, दोरा सगळं धरून. अशा दागिन्यात निव्वळ सोनं किती हे उलगडल्याशिवाय कुणीही अचूक सांगू शकत नाही, आणि ते ग्रॉसच्या अर्ध्याहूनही बरंच कमी भरू शकतं. मोड करायला गेलात तर सोनार फक्त निव्वळ सोन्याचे पैसे देईल, तेही टंच काढून, घट वजा करून. सोन्यावर कर्ज देणाऱ्या संस्थाही तारण ठेवताना खडे-मोती बाजूला ठेवून सोन्याचंच वजन धरतात. ६२ ग्रॅम वाचून मनात जो आकडा तयार झाला असेल तो आधी पुसून टाका.

हॉलमार्क नाही म्हणून तुम्ही घाबरलात, ते बरोबर आहे आणि थोडं चूकही. १६ जून २०२१ पासून हॉलमार्किंग टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालं आणि १ एप्रिल २०२३ पासून दुकानदाराला सहा अक्षर-अंकी एचयूआयडी (त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) असलेलाच दागिना विकता येतो. तो नंबर बीआयएसच्या (भारतीय मानक ब्यूरोच्या) ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर टाकला की दागिना कुठला, शुद्धता किती ते कळतं. पण कुंदन, पोलकी आणि जडाव दागिन्यांना या सक्तीतून सूट आहे. म्हणजे तन्मण्यावर हॉलमार्क नसणं ही संशयाची खूण नाही. पण त्याचाच अर्थ असा की त्याची शुद्धता कुणीही तपासलेली नाही. आणि हॉलमार्क असता तरी तो फक्त धातूचा. मोती आणि हिऱ्यांबद्दल तो एक शब्दही बोलत नाही.

‘बसरा मोती’ हे शब्द तर ऑनलाइन इतके स्वस्त झालेत की वाईट वाटतं. आखातातले ते खरे मोती आज फार थोडे उरलेत. दाताला घासल्यावर खरखर लागली तर मोती प्लास्टिक-काचेचा नाही एवढंच कळतं. कल्चर्ड मोतीही तसाच खरखरतो. जुन्या नैसर्गिक मोत्याचं भोक फार बारीक असतं, आणि त्या भोकात भिंगातून बघितलं तर कल्चर्ड मोत्यात बाहेरचा थर आणि आतला मणी यांच्यामधली रेष दिसते. नक्की सांगायचं तर एक्स-रे लागतो. पोलकीतही आता प्रयोगशाळेतले हिरे आणि मॉयसनाइट आलेत, आणि मागून चमकी लावून बंद केलेल्या कोंदणात ते ओळखणं कठीण आहे. त्यामुळे लिलावातल्या तन्मण्याला निव्वळ सोनं अधिक कारागिरी एवढीच किंमत धरा. मोती बसरा निघाले तर तुमचं नशीब, पण त्याचे पैसे आधी देऊ नका.

‘१५० वर्षं जुना’ यावरही एक इशारा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. विकणाऱ्याला विचारा की हे वय कशावरून सांगता. बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘आजीचा होता.’ मग आजीच्या घरचं काही आहे का, जुनी पावती, लग्नातला फोटो, विम्याची यादी? हा प्रश्न नुसत्या वयासाठी नाही. बिलाशिवायचा जुना दागिना चोरीचा निघाला तर पोलीस तो मुद्देमाल म्हणून जमा करतात. तुम्ही प्रामाणिकपणे घेतला असेल तर तुमच्यावर गुन्हा बसणार नाही, कारण भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमाला माहीत असून किंवा तसं वाटण्याचं कारण असून घेणं लागतं. पण दागिना जातो, पैसे अडकतात आणि लग्नाच्या घरात पोलीस येतात. पेढीवर असताना मी हे एकदा जवळून पाहिलंय. ज्या बाईंकडून पोलिसांनी दागिना जमा केला होता त्या रडत होत्या, ज्यांचा चोरीला गेला होता त्याही.

लिलावाच्या रीतीबद्दल आता. १ रुपयाने सुरुवात ही माणसं गोळा करण्याची युक्ती आहे. विकणाऱ्याचेच ओळखीचे लोक दुसऱ्या नावाने बोली चढवत असतील तर बाहेरून ते कळत नाही. एक खूण बघा: तोच खडा, तेच फोटो, पुन्हा महिन्याभराने लिलावात आलेत का? ‘जिंकलेला’ माणूस त्यांचाच होता असं समजा. आणि समजा सगळं सरळ आहे, तरी बोलीत चाळीस माणसं होती, त्यातले पाच-सहा व्यापारी असतात. ते ज्या आकड्यावर थांबले, तिथे त्यांच्या हिशेबाने खड्याची किंमत संपली. त्यानंतर बोली चढवणारे आपल्यासारखे, शेवटच्या पाच मिनिटांत ‘आता सोडायचं नाही’ म्हणणारे. म्हणून कमाल आकडा शनिवारी सकाळी, चहा घेताना कागदावर लिहायचा, आणि रविवारी रात्री तो कागद नवऱ्याच्या किंवा मुलीच्या हातात द्यायचा.

तो आकडा लिहिताना वरचा खर्चही धरा. मोठ्या आंतरराष्ट्रीय लिलावगृहांत बोलीच्या वर साधारण २० ते २८ टक्के खरेदीदाराकडून आणखी घेतात. म्हणजे ४० हजारांची बोली २५ टक्क्यांनी ५० हजार झाली, विमा आणि पाठवणी ४ हजार, मग परदेशातून असेल तर कस्टम आणि जीएसटी. विम्याचं नीट वाचा, कारण बऱ्याच कुरियर कंपन्यांच्या अटींत दागिने आणि रत्नं वगळलेली असतात, आणि पार्सल हरवलं तर हातात नाममात्र भरपाई येते. ‘पार्सल कस्टममध्ये अडकलंय, या नंबरवर एवढे पाठवा’ असा फोन आला तर ठेवून द्या. साइटच्या बाहेर, यूपीआयवर, ‘कमिशन वाचेल’ म्हणून कुणी पैसे मागितले तरीही ठेवून द्या. साइटबाहेर पैसे दिले की साइटचं संरक्षण संपलं.

एवढं करूनही फसलात तर उशीर करू नका. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन, जितक्या लवकर तितकी रक्कम गोठण्याची शक्यता जास्त. मालाची तक्रार असेल तर आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद. पुढे ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, विकणारा जयपूरचा असो की सुरतेचा. तुम्ही दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षं. पण एक फरक लक्षात ठेवा, आणि तो तुमच्या तन्मण्याला लागू पडतो. विकणारा व्यापारी नसेल, घरातली वस्तू एकदाच विकणारा खासगी माणूस असेल, तर ई-कॉमर्सचे २०२० चे नियम त्याला लागत नाहीत. मग उरतात पोलीस आणि दिवाणी कोर्ट. खासगी माणसाकडून घेताना म्हणूनच समोरासमोर भेटणं एवढं महत्त्वाचं.

तुम्ही लिहिलंय की तन्मणी विकणारे कल्याणचे आहेत. मग कुरियर कशाला? त्यांना एखाद्या हॉलमार्किंग केंद्रात भेटायला बोलवा. तिथे सोन्याची शुद्धता तपासून लेखी देतात आणि ग्राहकाला ते फार महाग पडत नाही. मोत्यांसाठी मी येईन, माझं भिंग घेऊन, त्याचे पैसे नकोत. ते यायला तयार नसतील तर तिथेच तुम्हाला उत्तर मिळालं.

पुष्कराजासाठी आज रात्री विकणाऱ्याला एवढंच लिहून पाठवा: वजन कॅरटमध्ये, तीन मापं मिलिमीटरमध्ये, नॅचरल यलो सफायर असा लेखी उल्लेख, हीट आणि बेरिलियम दोन्हींबद्दल स्पष्ट हो किंवा नाही, आणि मी निवडलेल्या मोठ्या लॅबकडून, म्हणजे जीआयए, आयजीआय किंवा मुंबईची जीआयआय, तपासून घेईपर्यंत परत घेण्याची हमी. लॅबला काही दिवस लागतात, त्यामुळे सात दिवसांची परतीची मुदत पुरत नाही, किमान एकवीस मागा. त्यांचं जे उत्तर येईल ते शब्द न बदलता मला पाठवा. रविवारी दुपारी दोनपर्यंत मी दुकानात आहे.